चादरीचा लाल

लाल रंगातलं ज्याला काही कळत नाही तोच त्यावर सगळ्यात जास्त बोलतो, हे मला बायको गेल्यावर समजलं. ती होती तोवर आमच्या घरात लाल म्हणजे लाल. ती गेली आणि आमच्या निर्मळ गावात जो तो लाल रंगाचा जाणकार झाला.

एमिली पावसाळ्यात गेली. मागे एक चादर राहिली, क्रोशाने विणलेली, लाल सुताची. शेवटचा वीतभर भाग बाकी होता. आमची एकुलती मुलगी प्रिस्का शाळेत होती तेव्हा एमिलीने ती सुरू केली होती. तिच्या माहेरी तशी रीत होती. मुलगी मोठी व्हायला लागली की आईने चादर विणायला घ्यायची आणि लग्नानंतर मुलगी निघाली की तिच्या ट्रंकेत सगळ्यात वर ठेवायची. सूत पांढरं आणायचं आणि घरीच रंगवायचं. विकतचं लाल सूत चालत नाही. का चालत नाही, असं मी एकदा सासूला विचारलं होतं. "चालत नाही म्हणून चालत नाही," ती म्हणाली. त्या घरातल्या बायकांची सगळी उत्तरं अशीच असतात.

रीतीला एक शेपूटही होतं. अपुरी चादर पसरायची नाही. विणताना मांडीवर मावेल तेवढीच उघडायची, बाकीची घडीत. पुरी होण्याआधी ती पलंगावर टाकली तर मुलीचा संसार अर्धवट राहतो म्हणे. आमच्या फादरनी एकदा मिस्सेत असल्या समजुतींवर चांगलं सुनावलं होतं. बायकांनी माना डोलावल्या, आमेन म्हटलं आणि घरी येऊन चादरी घडीतच ठेवल्या.

प्रिस्काचं लग्न जानेवारीत, तीन राजांच्या सणानंतर ठरलं होतं. मुलगा एरॉल, एव्हरशाईन सिटीत फ्लॅट, बँकेत नोकरी. एमिलीला तो आवडला होता. मला चालला होता.

नोव्हेंबरात एमिलीची मोठी बहीण क्लेमेंटीन आली. मी तिला क्लेमेंटीनबाय म्हणतो. ती पॅरिशच्या बायकांच्या मंडळाची अध्यक्ष. देवळातल्या आल्तारावरचं, म्हणजे वेदीवरचं, कापड जरा वाकडं दिसलं तरी तिला ताप येतो. आल्या आल्या तिने पिशवीतून लाल सुताचा गुंडा काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"बाजारातून आणलाय. हुबेहूब आहे. चार दिवसांत चादर पुरी करून टाकते."

"विकतचं चालत नाही ना तुमच्यात?" मी विचारलं.

"आता करणारी गेली, सेबॅस्टियन. देव समजून घेतो."

"देवाचं मला माहीत नाही. मी समजून घेणार नाही."

प्रिस्का ओट्यापाशी चहा गाळत होती. ती शाळेत शिकवते, मुलांवर ओरडून तिचा आवाज बसलेला असतो. ती वळलीसुद्धा नाही. "मावशी, दुकानातल्या सुताने पुरी करणार असशील तर मला ती चादर नको. माझी आई दुकानात नव्हती."

"मग अपुरीच राहील. आणि अपुरी चादर मी मुलीबरोबर जाऊ देणार नाही, आधीच सांगते."

"पांढऱ्या लडी आहेत तिच्या," मी म्हटलं. "मी रंगवतो."

क्लेमेंटीनबाय हसली. आमच्या केळीच्या वाडीतल्या पाखरांनाही ऐकू जाईल असं हसली. "तू? तुला केळ पिकलं की कच्चं एवढा रंग कळतो. रंगव, रंगव. नाताळच्या नोव्हेनापर्यंत रंग जुळवून दाखव. मी विणते. नाही जुळला तर चादर ट्रंकेतच राहील."

मला ती चादर प्रिस्काबरोबर जायला हवी होती. एमिलीचं दुसरं काय जाणार होतं तिच्याबरोबर? सोन्याच्या कुड्या होत्या. पण कुड्या सोनाराने केलेल्या असतात. चादरीला एमिलीचा हात लागला होता, रोज दुपारी, वर्षानुवर्षं.

रंगवणं मला अगदीच नवीन नव्हतं. जर्मनचा मोठा टोप चुलीवर चढवणं आणि उतरवणं हे माझं काम असायचं. बाकीचं ती करायची आणि मी बिडी ओढत बघायचो. सूत आधी भिजत घालायचं. रंगाची पुडी गरम पाण्यात कालवून फडक्यातून गाळायची, नाहीतर सुतावर ठिपके पडतात. मग मूठभर मीठ, आणि उकळी मंद ठेवून बांबूच्या काठीने लडी खालीवर करत राहायचं. मी सगळं तसंच केलं. पाणी आमच्या विहिरीचं, पुडी ती आणायची त्याच दुकानातली, टोप तोच.

सूत निघालं ते कलेजीसारखं. बोकडाची कलेजी धुऊन ताटात ठेवल्यावर दिसते ना, तसं.

क्लेमेंटीनबाय निरोप न पाठवताच हजर झाली. तिला वासच येत असावा. तिने ट्रंकेतून चादरीचं गाठोडं काढलं, वरचं फडकं बाजूला केलं आणि घडीचा एकच कोपरा उघडा ठेवून त्याला माझी ओली लडी लावली. वर ट्यूबलाईट जळत होती.

"हा लाल म्हणायचा? ही तर जुनी वीट."

"ओलं आहे ते. ओलं सूत गडदच दिसतं. आणि उजेडात तरी ने."

"मला शिकवू नको. मी आल्तारांची कापडं निवडते."

"ती पांढरी असतात."

ती रागावली, पण गेली नाही. लडी वाळेपर्यंत तिने मला रंगाचे प्रकार सांगितले. जास्वंदी, डाळिंबी, मिरची, आमसुली. एमिलीची चादर डाळिंबी आहे, असं तिचं ठाम मत होतं. मी बाग करतो, डाळिंब फोडून दाखवायची माझी तयारी होती. एका डाळिंबातले दोन दाणे एका रंगाचे निघत नाहीत. पण असल्या माणसांना डाळिंब दाखवून उपयोग नसतो, त्यांना शब्द पुरतो. लडी वाळली, उजेडात नेली, तरी कलेजीच राहिली. त्यात मात्र तिचं खरं होतं, आणि ते तिने शेजारच्या तीन घरांत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी फर्डिनंड आला. फर्डिनंडची वाडी आमच्या वाडीला लागून आहे. वाडी म्हणजे आता नावाला. त्याने केळी काढली आणि विहिरीवर मोठा पंप बसवला. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ टँकर येतात, भरतात आणि बोळिंजच्या नव्या बिल्डिंगींना जातात. त्याच्या विहिरीत गोडं पाणी उपसलं की खालून मचूळ वर येतं, आणि त्याच्या विहिरीची नि आमच्या विहिरीची जमिनीखालून ओळख आहे.

तो कंपाउंडवर हात ठेवून माझ्या दोरीवरच्या लडी बघत उभा राहिला.

"सेबॅस्टियन, लिंबू पिळ रंगात. चमकतो."

"तू टँकरचा धंदा सोडून रंगाचा कधी सुरू केलास?"

"अरे, चांगलं सांगतोय तर! माझी आजी पिळायची."

"तुझ्या आजीच्या वेळी विहिरीला गोडं पाणी होतं. तू बोळिंजला अंघोळ घातलीस आणि आम्हाला समुद्र पाजलास. या पाण्यात डाळ शिजत नाही, रंग काय धरणार?"

"डाळीला सोडा टाकायचा," फर्डिनंड म्हणाला, आणि टँकरचा हॉर्न वाजला म्हणून गेला. माणूस एवढा निर्मळ निर्लज्ज असला की त्याच्यावर रागही टिकत नाही.

पण माझ्या डोक्यात पाणी शिरलं ते शिरलं. पुढची लडी मी नळाच्या पाण्यात रंगवली. नळाला जेव्हा येतं तेव्हा पाणी बरं येतं. पिंपात भरून ठेवलं, शेगडी पेटवली, बाकी सगळं तेच. सूत निघालं ते झगझगीत. दोरीवर टाकलं तर लांबून वाटलं कोणी इलेक्शनचं फडकं लावलंय.

या वेळी क्लेमेंटीनबायने लडी वाळू दिली. दारात नेली. कोपऱ्याला लावली. मान तिरकी केली, सरळ केली, परत तिरकी केली.

"जवळ आलास," ती नाइलाजाने म्हणाली. "अजून जरा खोल हवा."

"जवळ म्हणजे जुळला का?"

"जुळला असता तर जुळला म्हटलं असतं."

मग मी जरा खोल केला. मग जरा उथळ. पुडी वाढवली, मीठ कमी केलं, टोप जास्त वेळ ठेवला. अंगणात दोरीवर लाल लडींची रांग लागली. रस्त्याने जाणारे सायकली थांबवून विचारायला लागले, काय रे सेबॅस्टियन, धंदा काढलास काय? पोस्टमन म्हणाला तिसरी चांगली आहे. दूधवाला म्हणाला पहिली. एक भाजीवाली म्हणाली, सगळ्या सारख्याच तर आहेत. तिच्याबद्दल मला आदर वाटला. एक बाई तर एमिलीच्या मयतालाही आली नव्हती, ती थांबून म्हणाली, "एमिलीचा हात वेगळा होता हो." मी म्हटलं, "हो, आणि तो तुम्ही कधी धरला नव्हता." ती परत त्या रस्त्याने गेली नाही.

डिसेंबर लागला. नाताळआधीची नऊ दिवसांची नोव्हेना तोंडावर आली. त्या रविवारी एरॉलची आई आमच्याकडे आली, लग्नाच्या जेवणाचं ठरवायला. एव्हरशाईनमध्ये राहते, बोलताना दर वाक्यात "आमच्या कॉम्प्लेक्समध्ये" येतं. प्रिस्काने चादरीचं सांगितलं असावं, कारण तिने चहा पिता पिता विचारलं, "ती फेमस चादर बघू तरी."

क्लेमेंटीनबाय तिथे होतीच. तिने गाठोडं आणलं. आता इथे झालं असं की मधल्या काळात प्रिस्काने डांबराच्या गोळ्या घालायला गाठोडं काढलं होतं आणि परत बांधताना ते उलटं बांधलं गेलं होतं. त्यामुळे फडकं बाजूला केल्यावर वर आला तो दुसराच कोपरा. क्लेमेंटीनबायच्या ते लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

एरॉलच्या आईने दोरीवरच्या लडी मागवल्या. एकेक लावून बघितली आणि कलेजी उचलली.

"हीच आहे की. यात काय प्रॉब्लेम आहे? मरून. आमच्या बेडरूमचे पडदे बदामी आहेत, त्याला मरून छान जाईल."

"अहो, ती नाही," क्लेमेंटीनबाय म्हणाली. "ती तर पहिल्याच दिवशी बाद झाली. ही बघा, ही त्यातल्या त्यात जवळची." आणि तिने झगझगीत लडी पुढे केली.

"ही? ही तर रेड सिग्नल आहे!"

"डाळिंबी आहे."

"मी साड्या मॅचिंग करते हो वर्षानुवर्षं."

"मी आल्तार."

दोघी बोलत राहिल्या. मी बघत होतो. दोन बायका, दोघींना डोळे आहेत, दोघी समोरासमोर बसल्यात, समोर चादर एकच. एक म्हणते कलेजी लडी जुळते, दुसरी म्हणते झगझगीत. क्लेमेंटीनबाय आजवर दहादा त्याच कोपऱ्याला लडी लावून बघत होती. मूर्ख असली तरी ती आंधळी नव्हती. मग मला शंका आली.

एरॉलची आई गेल्यावर मी गाठोडं उचललं आणि आतल्या खोलीत नेलं. खिडकी उघडली. आमच्या पलंगावर चटई होती ती काढली.

"काय करतोस?" क्लेमेंटीनबाय दारात आली.

मी चादरीची पहिली घडी उलगडली.

"सेबॅस्टियन! पसरू नको! अपुरी आहे ती!"

"माहीत आहे."

"पोरीचा संसार अर्धवट राहील!"

"एमिलीने ही चादर कधी पसरली नव्हती," मी म्हटलं. "एकदाही नाही. मग माझा संसार का अर्धवट राहिला?"

तिने क्रूसाची खूण केली, पण मला अडवलं नाही. तेवढं तरी केलं. मी दुसरी घडी उलगडली, तिसरी उलगडली, आणि चादर पलंगभर झाली. एका टोकाला क्रोशाची सुई अजून शेवटच्या टाक्यात अडकलेली होती.

ती एक रंगाची नव्हती.

उशाकडे लखलखीत लाल, जवळजवळ माझ्या नळाच्या पाण्यातला. तिथून खाली येताना रंग हळूहळू बसत गेलेला. मध्यावर तो जरा जड झालेला, आणि पायथ्याशी, सुईपाशी, तो सरळ तपकिरीकडे झुकलेला. प्रिस्का शाळेत होती तेव्हाचं पाणी वरच्या बाजूला होतं आणि गेल्या उन्हाळ्यातलं खाली. फर्डिनंडने पंप बसवला ती जागासुद्धा मी बोटाने दाखवू शकलो असतो. तरी कुठे पट्टा दिसत नव्हता, रेघ दिसत नव्हती. मी वाकून बघितलं. काही कळलं नाही. क्लेमेंटीनबाय चष्मा लावून माझ्या शेजारी वाकली आणि बराच वेळ बोटाने ओळी मोजत राहिली.

"दोन जुन्या, दोन नव्या," ती शेवटी म्हणाली. "लडी संपत आली की ती थोडी राखून ठेवायची. मग नवी लडी आली की दोन ओळी नव्याच्या, दोन जुन्याच्या, परत दोन नव्याच्या. असं हातभर केलं की डोळ्याला बदल कळत नाही." मग तिचा आवाज चढला. "आणि मला कायम सांगायची की रंग एकच आहे! दर वेळी विचारलं की, एकच आहे गं बाय, एकच आहे!"

"तू विचारत असशील त्या आवाजात मीही तेच सांगितलं असतं."

प्रिस्का कधी आली कळलं नाही. ती पलंगाच्या कडेला उभी राहून चादरीकडे बघत होती. तिने हात लावला नाही.

मी अंगणात गेलो आणि कलेजी लडी घेऊन आलो. सुईपाशी ठेवली. जवळ होती, पण तीच नव्हती. माझी एक पायरी आणखी मळकी होती. पावसाळा होऊनही विहीर सुधारली नव्हती, उलट बिघडली होती. म्हणजे तिचा शेवटचा लाल आता कुठल्याच पाण्यात निघणार नव्हता, नळाच्या नाही आणि विहिरीच्याही नाही. महिनाभर मी चुलीपुढे डोळे फोडले, आणि क्लेमेंटीनबायने मला विटा दाखवल्या, त्या सगळ्याची किंमत शून्य. जी बाई हा रंग ओळखत होती ती हसली असती. तिला माझं हसू यायचंच.

क्लेमेंटीनबाय मात्र एकदम कामाला लागली. तिची कंबर सरळ झाली. "झालं तर मग. हीच लडी. मी तिच्यासारखंच करते, दोन ओळी तिच्या, दोन तुझ्या. कोणाच्या बापाला कळणार नाही." तिने सुई उचलली आणि शेवटचा टाका सोडवायला लागली.

"काय करतेस?"

"तिचं राखलेलं सूत नाही ना. तिला काय माहीत होतं... म्हणून तिच्या शेवटच्या दहा-बारा ओळी उसवते, ते सूत मिळेल, तेच परत मिसळून विणते. म्हणजे जोड दिसणार नाही."

"ठेव ती सुई."

"अरे, फुकट नाही जाणार, परत त्याच चादरीत..."

"ठेव म्हणतो ना!"

मी जरा मोठ्याने बोललो असेन. तिने सुई ठेवली. शेवटच्या ओळी एमिलीने आजारी असताना विणल्या होत्या. एका दुपारी तिला टाके दिसेनासे झाले तेव्हा तिने प्रिस्काला शेजारी बसवून मोजायला लावलं होतं. तिथे दोन टाके जास्त आहेत, ओळ जरा फुगली आहे. क्लेमेंटीनबायने ते उसवून सरळ करून दिलं असतं. तिला वाकडं सहन होत नाही.

"तिचा एक टाका उसवायचा नाही," मी म्हटलं. "तिथून पुढे माझं सूत घे आणि विण."

"मग तिथे रेघ दिसेल. सरळ रेघ. लोक विचारतील, इथे रंग का चुकला?"

"विचारू देत. इथे माझी बायको मेली, रंग चुकलेला नाही."

तिने प्रिस्काकडे बघितलं. बायका अशा वेळी मुलीकडे बघतात, म्हणजे बापाला वेडा ठरवायला साक्षीदार मिळतो. प्रिस्का म्हणाली, "मावशी, पप्पा म्हणतात तसं कर."

"आणि कोणी विचारलं तर? मंडळातल्या बायका येतील बघायला. मी काय सांगू? अध्यक्षबाईंना रंग जुळवता आला नाही?"

"माझं नाव सांग," मी म्हटलं. "नाहीतरी तीन घरांत सांगून झालंय तुझं."

तिने तोंड वाकडं केलं. पण दुसऱ्या दिवसापासून दुपारी येऊन बसायला लागली. चादर परत घडीत घेतली नाही, पलंगावरच राहू दिली आणि काठाशी खुर्ची ओढून विणत राहिली. ती विणायची चांगली, हे कबूल करावं लागेल. एमिलीपेक्षा घट्ट, जरा जास्तच घट्ट. मी गुंडे करून द्यायचो. एकदा ती म्हणाली, "तुझं सूत सुईला खरखरीत लागतं." मी म्हटलं, "फर्डिनंडला सांग." ती खरंच कंपाउंडपाशी जाऊन त्याला बोलली. त्याने तिलाही लिंबू सांगितलं.

लग्न झालं. मुलीचं सामान लावायला म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही एव्हरशाईनला गेलो. एरॉलच्या आईने बायका बोलावल्या होत्याच, त्यांच्या कॉम्प्लेक्समधल्या. चादर बेडवर पसरली होती, बदामी पडद्यांसमोर. बायकांनी कौतुक केलं, हाताने केलंय म्हणून. आजकाल हाताने केलेल्या कशाचंही लोक कौतुक करतात, मग ते कसं का असेना.

एरॉलची आई पायथ्याशी वाकली. ती बाई मॅचिंग करते, तिच्या नजरेतून सुटेल कसं? तिने बोट फिरवलं, बरोबर त्या रेघेवरून.

"इथे रंग बदललाय का गं जरासा?"

क्लेमेंटीनबाय माझ्याकडे बघून घसा साफ करायला लागली. मी खिडकीकडे तोंड केलं.

"हो," प्रिस्का म्हणाली. "इथपर्यंत आईचा आहे. तिथून पप्पांचा."

"अच्छा," एरॉलची आई म्हणाली. मग तिने विचारलं, धुताना रंग जातो का. मी म्हटलं, पहिल्यांदा जाईल थोडा, वेगळी धुवा.